गावठाणाच्या कडेचं शेत: एनए परवानगीचा इतिहास



आजचा विषय रस्त्याकडेच्या एका बोर्डावरचा आहे. पुण्या-नाशिकच्या बाहेर पडलं की असा बोर्ड हमखास दिसतो: ‘गावठाणाला लागून, एनए प्लॉट, गुंठ्यावर उपलब्ध.’ गावठाण, एनए आणि गुंठा हे तिन्ही शब्द आपण रोज ऐकतो. पण तिन्ही वेगवेगळ्या काळांतून आलेत, आणि तो फरक न कळल्यामुळे लोकांची आयुष्यभराची बचत अडकते. म्हणून आज या तीन शब्दांचा इतिहास.

सुरुवात गावठाणापासून. इंग्रज येण्याआधीपासून आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जायचे, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्ती. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पडत आणि उभ्या राहत गेल्या, तिथली माती पांढुरकी झाली. काळी म्हणजे पिकाची जमीन. बऱ्याच गावांत पांढरीभोवती गावकूस असायची, आणि महारवाडा व इतर दलित वस्त्या त्या गावकुसाबाहेर. हे लक्षात ठेवा. गावाची कड ही कधीच नुसती मोकळी जागा नव्हती.

मग आली मोजणी. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी इतकी जड पडली की रयत जमिनी टाकून जाऊ लागली. म्हणून १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, मातीच्या प्रतीप्रमाणे आण्यांत वर्गवारी, आणि सारा ३० वर्षांसाठी कायम. मोजायला ३३ फुटांची साखळी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

या मोजणीत एक गोष्ट घडली, जिचे परिणाम आजही चालू आहेत. काळीतलं शेत न्‌ शेत मोजलं गेलं, कारण त्यावर सारा होता. पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून तिची नुसती बाहेरची हद्द आखली आणि आतली घरं तशीच सोडली. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो तो यामुळे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो, पण तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नाही. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर झाली आणि ड्रोनने गावठाणं मोजायचं काम देशभर हाती घेतलं गेलं, ते हीच जुनी राहिलेली जागा भरायला. गंमत बघा. रेषेच्या आत घर होतं पण कागद नव्हता, आणि रेषेच्या बाहेर कागद होता पण घर बांधायची मुभा नव्हती.

ही मुभा कोणी काढली? इथे येतो एनए, म्हणजे अकृषिक वापर. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात कलम ६५ होतं. त्याचा अर्थ साधा: शेतकऱ्याने शेतात विहीर, तळं, शेतीसाठी लागणारं घर खुशाल बांधावं. पण शेती सोडून दुसऱ्या कामाला जमीन वापरायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्यावी. कारण? गाव सुंदर दिसावं, सांडपाणी नीट जावं, हे कारण नव्हतं. जमिनीची आकारणी वापरावर ठरायची. पिकाचा दर वेगळा, इमारतीचा वेगळा. वापर बदलला तर सरकारला नवा दर लावायचा होता. म्हणजे एनए परवानगी जन्माला आली ती महसुलाच्या पोटी. नगररचना हा शब्दही तेव्हा आपल्याकडे नव्हता. मुंबई प्रांताचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा.

पुढचा थर स्वातंत्र्याच्या वेळचा. वाटण्या होऊन होऊन शेतं इतकी लहान झाली होती की त्यात नांगर फिरवणंही परवडेना. म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करून विकायचा नाही. १९४८ च्या कूळ कायद्यात कलम ६३ आलं: शेतकरी नसलेल्याने परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायची नाही. दोन्ही कायदे शेती आणि कसणारा टिकावा म्हणून होते. पण आज एखादा नोकरदार घरासाठी एक गुंठा घ्यायला जातो तेव्हा त्याची गाठ याच दोन कायद्यांशी पडते. मग चार-पाच जण मिळून दहा-अकरा गुंठे एकत्र घेतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक. कुणाचा तुकडा कुठला, ते फक्त चुन्याच्या रेघेवर! २०१७ पासून तुकडेबंदीत सवलती येत गेल्या, तरी असे सामाईक सातबारे ठिकठिकाणी आहेत.

आता गावकुसाबाहेर परत या. महार वतनाच्या जमिनी गावच्या चाकरीच्या बदल्यात होत्या. ही चाकरी म्हणजे वेठ आहे, हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी परत दिल्या, पण अटीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत. सातबाऱ्यावर हेच ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून दिसतं. त्यामुळे शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेतांत वर्ग १ वाल्याला घरासाठी कर भरून पुढे जाता येतं, आणि वर्ग २ वाल्याला आधी परवानगी आणि नजराण्याची पायरी चढावी लागते. अट संरक्षणासाठी होती हे खरं. पण गाव वाढून जमिनीला भाव आला तेव्हा तिचा भार कुणावर पडला, तेही बघायला हवं.

१९६६ मध्ये दोन कायदे एकाच वर्षी झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जुनं कलम ६५ नव्या रूपात पुढे नेलं. कलम ४४ प्रमाणे अर्ज करायचा, आणि ९० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. दुसरा कायदा प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा, म्हणजे एमआरटीपी. इथे पहिल्यांदा खेड्याच्या कडेच्या शेतालाही ‘इथे पुढे काय व्हावं?’ हा प्रश्न लागू झाला. रहिवासी विभाग, शेती विभाग, रस्त्याची आखणी. म्हणजे आता दोन परवानग्या झाल्या. एक महसूल खात्याची, एक नियोजनाची.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला हे जुन्या कोडसारखं दिसतं. मूळ प्रोग्राम सारावसुलीचा. त्यावर शेती वाचवायचा पॅच, त्यावर नियोजनाचा पॅच. जुनं कुणी काढलं नाही. २०१४ पासून मात्र साफसफाई सुरू झाली. संहितेत कलम ४२-अ, मग ब, क, ड अशी कलमं आली. विकास आराखड्यात जमीन ज्या वापरासाठी दाखवली असेल त्यासाठी वेगळी एनए परवानगी नको. आणि ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर भरल्यावर, रहिवासासाठी अकृषिक मानली जाऊ लागली.

हे चांगलंच झालं. पण बोर्डावर ‘एनए’ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की महसुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रेखांकन मंजूर आहे का? रस्ता कागदावर आहे की दुसऱ्याच्या बांधावरून जातो? बांधकाम परवानगी मिळेल का? पाणी, गटार? हे प्रश्न नियोजनाचे, आणि त्यांची उत्तरं वेगळ्या टेबलावर असतात.

तेव्हा घरचे कुणी अशा प्लॉटला टोकन द्यायला निघाले असतील, तर आधी तीन कागद मागा: ताजा सातबारा, त्यावर वर्ग १ की २ ते; मंजूर रेखांकनाचा नकाशा; आणि त्या भागाच्या आराखड्यातला झोन दाखला. नियम बदलत असतात, म्हणून तहसील आणि नगररचना कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. विकणारा म्हणेल, “अहो, सगळं क्लिअर आहे.” त्याला शांतपणे विचारा, “महसुलाचं क्लिअर आहे, की नियोजनाचंही?” उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, त्यावरून बरंच कळेल.

भेटू पुढच्या भागात. हा भाग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नक्की टाका, तिथे कुणीतरी प्लॉट बघत असेलच.