सापशिडीचे मूळ घर

अल बर्शातल्या जुलै महिन्यात मुलांनी करायचे तरी काय? संध्याकाळी सात वाजताही बागेतल्या झोपाळ्याची साखळी हाताला चटका देते. म्हणून गेल्या सुट्टीत माझ्या बारा वर्षांच्या लेकीने प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले आणि पहिला प्रकल्प ठरवला : ब्राउझरमध्ये खेळायची सापशिडी. गणेशोत्सवात मंडळातल्या मुलांना ती दाखवायची, असा तिचा बेत होता.

पुण्याहून आलेली माझी आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "ही तर ज्ञानेश्वर माउलींनी केलेली. मोक्षपट म्हणायचे तिला. वर तसं लिही." लेकीने माझ्याकडे पाहिले. "बाबा, खरंच? सगळ्यांसमोर चुकीचं नको दिसायला."

खरे सांगायचे तर ही गोष्ट मी स्वतःच मोठ्या अभिमानाने दहा जणांना फोनवरून पाठवली होती. पण लेकीने विचारल्यावर वाचायला बसावे लागले.

एवढे निश्चित आहे की हा खेळ आपल्याकडून इंग्लंडला गेला. तिथे फ्रेडरिक हेन्री आयर्स या खेळणी बनवणाऱ्याने १८९२ मध्ये त्याची नोंदणी केली. व्हिक्टोरियन काळातल्या पटांवर काटकसर, पश्चात्ताप, उद्योग यांच्या शिड्या होत्या आणि आळस, आज्ञाभंग यांचे साप होते. पुढे तेही पुसले गेले. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापच काढून टाकले आणि त्यांच्या जागी घसरगुंड्या बसवल्या. आपण लहानपणी पुठ्ठ्यावर खेळलो ती शंभर घरांची सापशिडी ही अशी विलायतेला जाऊन, आपला अर्थ तिथेच विसरून परत आलेली पाहुणी.

मूळ पट वेगवेगळ्या आकारांचे होते. जैनांचे 'ज्ञानबाजी'चे पट बहुधा ८४ घरांचे, वैष्णवांचे ७२ घरांचे. त्यांचा अभ्यास अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ च्या एका लेखात मांडला आणि तोच पुढच्या संशोधकांचा पाया झाला. आपल्याला इथे राहून विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे सूफींचाही असा पट आहे. त्याचे नाव 'शतरंज अल-आरिफीन', म्हणजे ज्ञानी जनांचे बुद्धिबळ. शंभर घरे आणि त्यांच्या वर एक. अरबी परंपरा तो इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या नावावर सांगते, जसे आपण मोक्षपटाला ज्ञानेश्वरांचे (१२७५–१२९६) नाव देतो. दोन्हीकडे नाव थोर संताचे आणि दोन्हीकडे त्या काळातला लेखी पुरावा मात्र नाही. आज हाती असलेले भारतीय पट बहुतेक अठराव्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहेत.

मराठी मोक्षपट मात्र खरेच सापडले. याकोब श्मिट-मॅडसन हा डॅनिश अभ्यासक त्यांच्या शोधात पुण्यात आला. भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी त्याच्यासाठी शोधाशोध केली आणि रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहातून दोन पट निघाले. प्रत्येकी पन्नास घरे, पहिले जन्माचे, शेवटचे मोक्षाचे. खेळायला सहा कवड्या. श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात याच खेळावर डॉक्टरेट केली. डेन्मार्कचा माणूस आपल्या सापशिडीसाठी पुण्याला येतो आणि मी मात्र फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलतो! असो.

लेकीने ठरवले की शंभर घरांऐवजी ७२ घरांचा वैष्णव पट करायचा. त्याची घरे हरीश जोहरी यांच्या 'लीला' या इंग्रजी पुस्तकात नावानिशी दिलेली आहेत. नऊ घरांची एक ओळ, अशा आठ ओळी.

आणि इथे ती अडली. तिने सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे मोजल्या होत्या, त्यामुळे ओळ संपली की सोंगटी टुणकन पटाच्या दुसऱ्या टोकाला जायची. खऱ्या पटावर सोंगटी शेत नांगरणाऱ्या बैलासारखी चालते : एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे. त्यातून ब्राउझर तक्ता वरून खाली भरतो आणि सापशिडी खालून वर चढते. ओळीचा क्रमांक सम की विषम हे पाहून घराची जागा उलटवायची, एवढेच सूत्र. ते सापडायला तिला दोन दिवस लागले. मी सांगितले नाही. (सांगायला गेलो असतो तर तिने ऐकले असते असेही नाही.)

चूक दुरुस्त झाली तेव्हा पटावर एक गोष्ट दिसली. ५४ वे घर भक्तीचे. तिथून शिडी थेट ६८ व्या वैकुंठाला, म्हणजे सर्वांत वरच्या ओळीच्या बरोबर मध्यावर. ५५ वे घर अहंकाराचे. तिथला साप खाली ३ वर, क्रोधाच्या घरात नेतो. चुकीच्या मांडणीत ही दोन घरे पटाच्या दोन टोकांना होती. बरोबर मांडणीत अहंकार भक्तीच्या अगदी डोक्यावर येऊन बसला. लेक बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

दुसरा प्रश्न दानाचा. तिने फासा केला होता, एक ते सहा, प्रत्येक दान सारख्या शक्यतेचे. सहा कवड्यांचे तसे नसते. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी समसमान पडते असे धरून उताण्या कवड्या मोजल्या, तर चौसष्ट फेकींत सरासरी वीस वेळा तीन पडतात, पंधरा वेळा चार आणि सहा फक्त एकदा. म्हणजे कवड्यांचा खेळ सावकाश, मधल्या दानांनी सरकणारा. फाशाच्या जागी सहा कवड्या लिहायला तिला चार ओळी पुरल्या. सहाही पालथ्या पडल्या तर डाव पुढच्याकडे, हा आमच्या घरचा नियम.

राहिला पहिल्या पानावरचा मजकूर. बरीच चर्चा होऊन तिने लिहिले : 'हा खेळ भारतातला आहे. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला, असे महाराष्ट्रातली परंपरा सांगते.'

"सांगते म्हणजे काय? आहेच," आई म्हणाली. तिचे म्हणणे असे की माउलींनी केला नसेल तर इतकी वर्षे लोक उगाच का म्हणतील. लेक म्हणाली, "आजी, मग डेन्मार्कच्या काकांना सांगावं लागेल." आई दिवसभर जरा घुश्शातच होती. वाक्य मात्र तसेच राहिले.

संध्याकाळी दोघी खेळायला बसल्या. आईची सोंगटी ५१ व्या घरात, पृथ्वीवर. तीन पडले असते तर भक्ती आणि वैकुंठ. पडले चार. अहंकाराच्या सापाने तिला थेट क्रोधात आणून सोडले.

"तुझ्या या कॉम्प्युटरला कवड्या टाकता येत नाहीत," असे म्हणून आई उठली आणि बॅगेतून तिची खऱ्या कवड्यांची पिशवी घेऊन आली.