माल्टाची बालगायिका

राष्ट्राचा मान रणांगणावर, विद्यापीठांत किंवा फार तर क्रीडांगणावर वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो मान अकरा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यावर येऊन ठेपावा, अशीं उदाहरणें इतिहासांत विरळाच. भूमध्य समुद्रांतील माल्टा या द्वीपराष्ट्राच्या वांट्याला असा प्रसंग २०१३ सालीं आला. ती कथा गोड तर आहेच. परंतु तिच्या पोटीं एक अवघड प्रश्नहि दडलेला आहे.

युरोपांतील प्रसारण संस्थांच्या संघानें १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें प्रौढांची गीतस्पर्धा सुरू केली. युद्धानें दुभंगलेल्या खंडांतील घरें एकाच रात्रीं एकच कार्यक्रम ऐकूं-पाहूं लागलीं, हें तिचें खरें महत्त्व होय. मुलांच्या स्पर्धेचें बीज मात्र पुष्कळ उशिरां पडलें, आणि तें डेन्मार्कांत. तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेनें २००० सालीं मुलांसाठीं स्वतंत्र स्पर्धा आरंभिली. मुलांनींच गाणें रचावें आणि मुलांनींच तें गावें, हें तिचें मूळ सूत्र होतें. २००२ सालीं नॉर्वे व स्वीडन हे शेजारी तींत सामील झाले, आणि १५ नोव्हेंबर २००३ रोजीं कोपनहेगन येथें १६ देशांची पहिली 'ज्युनिअर युरोव्हिजन' स्पर्धा भरली. क्रोएशियाचा ११ वर्षांचा दिनो येलुसिच हा तिचा पहिला विजेता.

त्या १६ देशांत माल्टाहि होता. या देशाचें क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सुमारें निम्में. फिनिशियन, रोमन, अरब, सेंट जॉनचे धर्मवीर, फ्रेंच आणि अखेरीस इंग्रज, असे एकामागून एक स्वामी या बेटांनीं पाहिले. त्यांची भाषा अरबीच्या कुळांतली, पण लिपी रोमन. २१ सप्टेंबर १९६४ रोजीं माल्टा स्वतंत्र झाला आणि १३ डिसेंबर १९७४ रोजीं प्रजासत्ताक बनला. अशा लहान राष्ट्राला जगानें आपली दखल घ्यावी, ही तळमळ स्वाभाविकच असते. आणि माल्टाच्या बाबतींत ती तळमळ गाण्याच्या द्वारें व्यक्त होऊं लागली.

परंतु यश सहजासहजीं लाभणारें नव्हतें. प्रौढांच्या स्पर्धेंत १९७१ सालीं माल्टानें आपल्या भाषेंतलें गाणें पाठविलें. तें शेवटच्या क्रमांकावर राहिलें. १९७२ सालीं पुन्हां स्वभाषेंतलें गाणें, आणि पुन्हां शेवटचा क्रमांक. १९७५ नंतर १५ वर्षें माल्टा त्या रंगमंचावर दिसलाच नाहीं. १९९१ पासून तो इंग्रजी गाणीं घेऊन परत आला. २००२ व २००५ या सालीं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचला. विजय मात्र हातीं आला नाहीं. मुलांच्या स्पर्धेंतूनहि २०१० नंतर त्यानें माघार घेतली होती.

दोन वर्षांच्या खंडानंतर, २०१३ सालीं, माल्टानें गोझो बेटावरील गाया काउकी हिला कीव्ह येथें पाठविलें. नुकतींच तिला अकरा वर्षें पूर्ण झालीं होतीं. स्पर्धेचा दिवस होता ३० नोव्हेंबर. त्याच दिवशीं पहांटे कीव्हच्या मध्यवर्ती चौकांत युरोपीय संघाशीं करार व्हावा म्हणून ठाण मांडून बसलेल्या निदर्शकांवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या होत्या, आणि सारें नगर क्षुब्ध झालें होतें. त्याच नगरांतील 'युक्रेन' प्रासादांत सायंकाळीं १२ देशांचीं मुलें गाण्यास उभीं राहिलीं. गायाच्या गीताचें नांव होतें 'द स्टार्ट', म्हणजे 'आरंभ'. मतांची मोजणी झाली तेव्हां तिच्या नांवावर १३० गुण होते. यजमान युक्रेनची मुलगी १२१ गुणांसह दुसरी आली. ४२ वर्षें जें मोठ्यांना साधलें नव्हतें, तें एका बालिकेनें साधलें. त्याच वर्षाच्या प्रजासत्ताकदिनीं राष्ट्रसेवेचें पदक देऊन माल्टानें तिचा गौरव केला.

या विजयाचे पडसाद दूरवर उमटले. २०१४ सालीं स्पर्धा माल्टांतच, मार्सा येथील जुन्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत भरली. २०१५ सालीं सोफिया येथें डेस्टिनी चुकुन्येरे ही १३ वर्षांची मुलगी १८५ गुण मिळवून पहिली आली. तोंपर्यंतचा तो उच्चांक होता. तिची आई माल्टाची, वडील नायजेरियाचे. २०१६ सालीं स्पर्धा पुन्हां माल्टाकडे आली व राजधानी व्हॅलेटा येथें धर्मवीरांनीं सोळाव्या शतकांत उभारलेल्या रुग्णालयाच्या वास्तूंत ती पार पडली. जेथें एके काळीं आजारी व जखमी लोक कण्हत पडत, तेथें मुलांचे सूर घुमले.

आतां त्या अवघड प्रश्नाकडे वळावयाचें. मुलाच्या गळ्यावर राष्ट्राचा भार टाकावा काय? ज्या डेन्मार्कनें हें बीज पेरलें, तोच देश नॉर्वेसह २००५ नंतर स्पर्धेबाहेर पडला. मुलांना कसें वागवावें याविषयींच्या त्यांच्या कसोटीस ही स्पर्धा उतरेना. त्यांनीं आपल्या मुलांसाठीं पुन्हां शेजाऱ्यांपुरतीच स्पर्धा भरविली. मूळ संघालाहि ही अडचण दिसत होती. २००५ पासून २०१५ पर्यंत प्रत्येक देशाला आरंभींच १२ गुण दिले जात, तें कोणाहि मुलाला शून्य पाहून घरीं परतावें लागूं नये म्हणून. गायाच्या १३० गुणांतहि ते १२ गुण आहेत. वयाची खालची मर्यादाहि आठावरून दहावर, आणि पुढें नऊवर आणली गेली. असे नियम करावे लागतात, यावरूनच भार किती जड आहे हें ध्यानांत येतें.

तथापि भार जड म्हणून तो सर्वांनाच चिरडतो, असें नाहीं. डेस्टिनी पुढें तरुण झाली आणि २०२१ सालीं रॉटरडॅम येथें प्रौढांच्या स्पर्धेंत माल्टाच्या वतीनें गाऊन सातवी आली. तिला कोणी अपयशी म्हणणार नाहीं. लहानपणचा सूर मोठेपणींहि तिच्यापाशीं राहिला, हेंच मोठें यश होय. माल्टाच्या कथेचें तात्पर्य यांतच सांपडतें. लहान राष्ट्राला मुलाच्या गाण्यानें मान मिळाला, तर तो त्यानें आनंदानें घ्यावा. परंतु त्या मुलाचें गाणें त्याचें त्यालाच परत मिळेल, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनीं घेतली पाहिजे. पदक राष्ट्र देऊं शकतें; गाण्याची गोडी मात्र मुलाची स्वतःची असते, आणि ती शाबूत राहिली तरच त्या पदकाला शोभा येते.