तळाच्या संघाची फेरबांधणी : आधी बचाव, मग आघाडी

पेठ वडगाव : कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवरील हंगाम संपला, की वडगावपर्यंतच्या फुटबॉलशौकिनांत एकच चर्चा रंगते. आपल्या संघाने यंदा कोणाला काढावे आणि कोणाला आणावे? चर्चेचा शेवट बहुधा ठरलेला असतो : ‘एक तगडा परदेशी स्ट्रायकर आणला, की झाले!’ पेठांच्या आणि तालमींच्या संघांनीही हा मार्ग अनेकदा चोखाळला आहे. व्यावसायिक फुटबॉलचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मूळच्या पुण्याच्या एका संघाच्या वारसदाराचे आहे.

इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी हा नवा संघ आला. पुण्याचे काही खेळाडू त्याच्याकडे गेले. पहिल्याच, म्हणजे २०१९-२० च्या हंगामात या संघाची पुरती दैना झाली. १८ सामन्यांत केवळ २ विजय, १२ पराभव आणि अवघे १० गुण. संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. त्याने २१ गोल केले आणि ३९ स्वीकारले. दुखणे कोठे होते, हे या दुसऱ्या आकड्यावरूनच दिसते.

ऑगस्ट २०२० मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले. परदेशी खेळाडूंची फळी जवळपास पूर्ण बदलण्यात आली. भारतीय खेळाडूंच्या बाबतीत मात्र सरसकट हकालपट्टी झाली नाही, आणि फेरबांधणीचे खरे मर्म येथेच आहे. हरणाऱ्या संघातही टिकवण्यासारखे चार-पाच जण असतात. ते ओळखण्यासाठी निकालाकडे पाठ फिरवून खेळ पाहावा लागतो. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, उजव्या बगलेचा बचावपटू आशिष राय, मध्यफळीतील मोहम्मद यासिर, तसेच जानेवारी २०२० मध्ये दाखल झालेला लिस्टन कोलासो हे सारे तळाच्या संघातलेच होते. त्यांना इंडियन ॲरोजमधून आलेल्या आकाश मिश्राची जोड मिळाली. डाव्या बगलेवर उभा राहिला तेव्हा तो जेमतेम १९ वर्षांचा होता.

पुढच्या हंगामात संघाने २० सामन्यांत १९ च गोल स्वीकारले आणि २९ गुणांसह पाचवा क्रमांक पटकावला. त्या २० सामन्यांपैकी ११ बरोबरीत सुटले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. प्रेक्षकांना अशी बरोबरी कंटाळवाणी वाटते. पण तळातून वर येणारा संघ आधी हरणे थांबवतो, जिंकायला नंतर शिकतो.

बचाव बसल्यावरच, २०२१ मध्ये, नामवंत गोलवीर आणण्यात आला. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे तेव्हा वयाच्या सदतिशीत होता. एरवी एवढ्या वयाच्या खेळाडूवर संघ उभारणे म्हणजे जुगारच. येथे त्याने १८ गोल केले, कारण मागून चेंडू पुरवणारी आणि त्याच्या वाटणीची धावपळ करणारी तरुण फळी तयार होती. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात केरला ब्लास्टर्सविरुद्ध संघ पिछाडीवर पडला. गोव्याच्याच साहिल तावोराने शेवटच्या क्षणांत बरोबरी साधून दिली, पेनल्टी शूटआउटमध्ये कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि दोन वर्षांपूर्वी तळाला असलेला संघ विजेता ठरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, याच विजेत्या संघात होता.

दुसरा मार्ग मुंबई सिटीचा. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा बहुतांश हिस्सा घेतला. २०२० मध्ये एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमू, मंदार राव देसाई असा तेथला कणाच मुंबईत आला. एकमेकांना ओळखणारे खेळाडू एकत्र आणल्याने सूर जुळायला वेळ लागला नाही. २०२०-२१ मध्ये लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही मुंबईला मिळाले. मार्ग झटपट खरा, पण तो थैली मोठी असणाऱ्यांचाच.

लीगच्या नियमांनीही स्थानिक खेळाडूचे मोल वाढवले आहे. २०१४ मध्ये मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरवता येत असत. २०१७-१८ मध्ये ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२ मध्ये चारवर आली. अकरापैकी सात जण भारतीय असावेच लागत असताना परदेशी नावांवर सारा पैसा उधळणाऱ्या संघाचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

अर्थात, चांगली बांधणीही पैशाअभावी कोसळते. हैदराबादच्या आर्थिक अडचणी पुढे वाढल्या. वेतन थकले, बहुतेक परदेशी आणि नामवंत भारतीय खेळाडू संघ सोडून गेले. २०२३-२४ मध्ये संघ केवळ ८ गुण घेऊन पुन्हा तळाला गेला. २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवून त्याचे नावही बदलण्यात आले.

कोल्हापूरच्या संघांना लाखोंचे करार परवडणारे नाहीत. वर्गणी आणि दात्यांच्या बळावर त्यांचा हंगाम निघतो. तरीही खेळाडू नोंदणीपूर्वी पदाधिकाऱ्यांनी गेल्या हंगामात खाल्लेल्या गोलांची यादी समोर ठेवावी. गोल कोणत्या बगलेतून झाले, कितव्या मिनिटाला झाले, त्या वेळी मध्यफळीतले किती जण दमून चालत होते? मग जुन्यांपैकी कोणाला ठेवायचे ते ठरवावे, त्यानंतर गोलरक्षक आणि मधला बचावपटू शोधावा. बाहेरून स्ट्रायकर आणायचाच असेल, तर हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंतचे त्याचे मानधन आधी बाजूला काढून ठेवावे.