उचल कोणाच्या खात्यावर?

गळीत हंगाम जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या पारांवर एक मत हमखास ऐकू येते : “ऊसतोड्यांची कसली कीव करता? जोडीला लाखभर उचल आधीच पोचते. वर खुशाली, वर वाढ्याचे पैसे. आणि टोळी रातोरात पळाली की बुडतो तो ट्रॅक्टरवाला.”

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. टोळ्या न आल्याने उचल दिलेले कित्येक वाहनमालक कर्जात रुतले, टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमांवर फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. फडात शेतकऱ्याकडे खुशाली म्हणून वरचे पैसे मागितले जातात, हेही खरे. चुकतो तो यावरून काढलेला निष्कर्ष.

आधी त्या लाखाच्या उचलीचा, म्हणजे आगाऊ मजुरीचा, हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. म्हणजे लाख रुपये फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. नवरा-बायकोच्या कोयत्याला दिवसाला दोन टन धरले, तरी १३७ दिवस लागतात, तेही एक खाडा न करता. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून तेल-मीठ सुटत असेल, लाख फिटत नाहीत. पाऊस, आजारपण, न आलेली गाडी, यांचा रुपयासुद्धा टनावरच्या मजुरीत बसत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात उसाच्या वाढीव पैशासाठी आंदोलन झाले आणि कोल्हापूर-सांगलीत तोडी थांबल्या. शेतकऱ्याचे भांडण रास्तच होते. पण तोड थांबली की खोपीत बसलेल्या टोळीचे खाणे थांबत नाही, आणि बाजारासाठी घेतलेले पैसे उचलीवरच चढतात.

उचल फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि माणूस त्याच मुकादमाच्या हाताखाली राहतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची व्याख्या इथेच लागू पडते : आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे किंवा हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे. त्याला साखळदंड लागत नाहीत. असे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भारही पंधराव्या कलमाने धनकोवर टाकला आहे. ज्या रकमेला आपण मजुराची चैन म्हणतो, तिला कायदा पुरावा मानू शकतो.

“बायकांना गर्भाशये काढायची कोण जबरदस्ती करते?” असेही विचारले जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कारण एकच नाही, खासगी दवाखान्यांचा धंदाही त्यात आहे. पण खाड्याला दंड आहे तिथे दर महिन्याचे दुखणे परवडत नाही, हे कोणी समजावून सांगायला नको.

मग टोळी पळते का? काही पळतातही. पण कारखाना करार करतो वाहनमालकाशी, वाहनमालक मुकादमाशी, मुकादम जोडीशी, तोही बहुधा तोंडी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. साखर कारखान्याची, पैसा शेतकऱ्याचा, कर्ज ट्रॅक्टरवाल्याचे, आणि मजुराचा मालक मात्र कोणीच नाही! उचल मुकादमाने खाल्ली की मजुराने, हे दाखवणारा कागदच सापडत नाही, कारण तो ठेवणे कोणाच्याच अंगावर नाही. ट्रॅक्टरवाल्याचे नुकसान आणि मजुराची बांधिलकी एकाच कराराच्या पोटातून येतात. दोघांना एकमेकांसमोर उभे करून कारखाना मोकळा राहतो.

कायद्याची गंमतही पाहा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परवानाधारक कंत्राटदार, प्रवासभत्ता, निवारा अशा तरतुदी केल्या, पण त्या राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडची टोळी कर्नाटकात निपाणीला गेली तर त्या कायद्यात बसत होती, वीसेक किलोमीटर अलीकडे कागलला उतरली तर नाही.

वाहनमालकांच्या संघटनांनी पोलीस ठाण्याऐवजी कारखान्याच्या दारात मागणी न्यावी : जोडीशी थेट लेखी करार करा, उचल तिच्या बँक खात्यात भरा, आणि रोजचे वजन व उरलेली बाकी तिच्याच नावाच्या पावतीवर लिहा. टोळी खरोखर बुडवत असेल, तर ते दाखवायलाही हीच पावती लागेल.