बिनदिव्याची सायकल आणि लाल दिव्याची गाडी

आमच्या सोसायटीत एक नवी गाडी आली आहे. खासगी, पांढरी नंबरप्लेट. पण पुढच्या जाळीच्या आत लाल-निळे लुकलुकणारे दिवे, बंपरला लाल रेडियमच्या पट्ट्या आणि काचेच्या आत एक टोपी ठेवलेली. मालक सज्जन माणूस आहे. मी सहज विचारलं, तर म्हणाला, "काका, नाना पेठेत बसवून मिळतं. रात्री लोक पटकन बाजूला होतात."

लोक बाजूला होतात! हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

माझे वडील सायकलवाले. पुणे तेव्हा सायकलींचं शहर होतं. रात्री सायकलला दिवा नसला की चौकातला हवालदार थांबवायचा. कधी दंड, कधी चाकातली हवा सोडायची आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत जायची शिक्षा. आधी रॉकेलचे दिवे होते, मग डायनामो आला. डायनामो लावला की सायकल जड चालायची, म्हणून पोरं तो लावायची नाहीत. मग चौक जवळ आला की उतरून चालायचं, हवालदार मागे पडला की परत टांग मारायची. हे करणारे आज सत्तरीत असतील आणि हसत असतील!

पण त्या नियमामागे साधा विचार होता. दिवा तुमच्यासाठी नाही, समोरच्यासाठी आहे. तुम्ही आहात हे दुसऱ्याला कळावं म्हणून.

मोटारींचा कायदा याच विचारावर उभा आहे. आज लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यात रंगांची भाषा ठरलेली आहे. पुढे लाल उजेड दिसता कामा नये. मागे लालच दिसला पाहिजे. याला अपवाद म्हणजे नंबरप्लेटवरचा आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा, वळताना लागणारा पिवळसर इंडिकेटर, असे मोजकेच. रिफ्लेक्टरचंही तेच. मोटारीला मागे दोन लाल, मालट्रकला पुढे पांढरी पट्टी आणि मागे लाल. म्हणजे अंधारात लाल दिसलं की समजायचं, ही गाडीची पाठ आहे. पांढरं दिसलं की तोंड. माझ्या शेजाऱ्याने पुढच्या बंपरला लाल रेडियम लावलंय. रात्री समोरून येणाऱ्याला ही गाडी येतेय की जातेय, हे क्षणभर कळणार नाही. अपघाताला तेवढा क्षण पुरतो.

मग लाल दिवा टपावर कसा चढला?

आपल्याकडे वाहन आणि मान यांचं नातं जुनं आहे. शनिवारवाड्यावर पेशवे होते तेव्हा पालखीत बसायचं की नाही, डोक्यावर अबदागीर धरायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं नव्हतं. तो मान सरकारातून मिळायचा, त्याच्या खर्चाची नेमणूकही व्हायची. पालखी दिसली की रस्त्यातला माणूस आपसूक कडेला व्हायचा. पुढे इंग्रज आले, गेले. पालखी गेली, मोटार आली. कडेला होण्याची सवय मात्र तशीच राहिली.

१९८९ च्या नियमांत १०८ क्रमांकाचा नियम आहे. पुढे लाल दिवा नको हे सांगणारा तो हाच. पण त्यातच एक खिडकी ठेवली होती. सरकारने ठरवलेल्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या गाडीवर लाल दिवा चालेल. एकदा खिडकी उघडली की काय होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. यादी वाढत गेली. लुकलुकणारा लाल कोणाला, न लुकलुकणारा कोणाला, पिवळा कोणाला, अशी उतरंड लागली. मराठीत वाक्प्रचारच झाला, "त्याला लाल दिव्याची गाडी मिळाली." म्हणजे मंत्रिपद मिळालं, महामंडळ मिळालं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये गावाकडून आलेली पोरं एका वेळच्या मेसवर दिवस काढत होती, ती याच स्वप्नावर. त्यांची चूक नव्हती. आपणच त्यांना अधिकाराची ओळख तशी करून दिली होती.

जरा विचार करा. ज्याच्याकडे दिवा नव्हता त्या सायकलवाल्याला दंड. ज्याच्याकडे जास्तीचा दिवा होता त्याला सलाम!

उत्तर प्रदेशातल्या अभय सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ ला निकाल दिला. न्या. सिंघवी आणि न्या. नागप्पन यांचं पीठ होतं. लाल दिवा फक्त घटनात्मक पदांवरच्या उच्चपदस्थांना आणि तोही कामावर असताना. राज्यांनी मनाला येईल तशी यादी वाढवायची नाही. तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांचे हॉर्न इतरांनी काढून टाकायचे. दंड किरकोळ आहे, याकडेही न्यायालयाने बोट दाखवलं. तेव्हा पहिल्या चुकीला १०० रुपये आणि पुढच्या वेळी ३०० होते. दिव्याची किंमत त्याहून जास्त असेल!

मग १९ एप्रिल २०१७ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती खिडकीच बंद केली. परिवहन खातं तेव्हा नितीन गडकरींकडे होतं. १ मे २०१७ पासून, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून सगळ्यांच्या गाडीवरचा मानाचा दिवा उतरला. लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा उरला तो अग्निशमन, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या गाड्यांना, तोही कामगिरीवर असतानाच. रुग्णवाहिकेला तिचा लुकलुकणारा दिवा. बस्स. खासगी गाडीला कोणताही नाही. मालक कलेक्टर असो, नगरसेवक असो की माझा शेजारी.

तरीही दिवा गेला का? जुलै २०२४ आठवतो ना? पुण्यात प्रशिक्षणार्थी आयएएस म्हणून आलेल्या पूजा खेडकर यांच्या खासगी ऑडीवर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी दिसली, त्याचे फोटो देशभर फिरले आणि पुढे वाहतूक पोलिसांनी ती गाडी ताब्यात घेतली. त्यांच्या निवडीचा वाद वेगळा, त्यात मी शिरत नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की कायदा बदलून सात वर्षं झाली होती आणि दिव्याचं स्वप्न तसंच होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. कोणाला फारशी सांगितलेली नाही.

२००६ ची संध्याकाळ. अप्पा बळवंत चौकातून शनिपाराकडे निघालो होतो, मारुती ८०० मध्ये. तुंबलेली गर्दी. मागून सायरन आला, आरशात लुकलुकता लाल उजेड. मनात पहिला विचार आला, "आला कोणीतरी साहेब. थांब म्हणावं जरा." हललो नाही. डावीकडे जरा जागा होती, तरी मुद्दाम हललो नाही. मनातल्या मनात मी त्या साहेबाला धडा शिकवत होतो. शनिपारला ती गाडी कशीबशी माझ्या शेजारून गेली. ओमनी रुग्णवाहिका होती. आत एक म्हातारी बाई आणि तिच्याजवळ सलाइनची बाटली वर धरून वाकलेला मुलगा. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे काय झालं, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

चूक माझीच होती. ती कायद्यावर किंवा कुठल्या साहेबावर ढकलत नाही. पण खोट्या दिव्यांनी एवढं नक्की केलं होतं, की खरा दिवा पाहून मला राग आला. दिव्याचा अर्थ 'जीव वाचवायचाय, वाट द्या' असा होता. आपण त्याचा अर्थ 'मी मोठा आहे' असा करून टाकला. एखाद्या शब्दाचा अर्थ असा नासला की तो शब्द खऱ्या गरजेला उपयोगी पडत नाही.

आज महाराष्ट्रात रुग्णवाहिका बोलवायचा नंबर १०८ आहे आणि दिव्यांचा नियमही १०८. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.

२०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद ठेवली. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० पर्यंत दंड किंवा कैद. आकडे आता मोठे आहेत. पण नाना पेठेतून काय बसवून आणायचं हे शेवटी आपणच ठरवतो.

काल शेजाऱ्याला शनिपारची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. आज सकाळी पाहिलं, तर पुढचं लाल रेडियम निघालेलं होतं. जाळीतले दिवे अजून आहेत. मी परत विचारणार आहे.

तुम्हीही आज खाली जाऊन आपल्या गाडीला एक चक्कर मारा. मागचे लाल रिफ्लेक्टर पुसा, फुटले असतील तर बदला. पुढे लाल-निळं काही असेल तर काढा. आपण आहोत हे दुसऱ्याला दिसलं पाहिजे, बस्स. आपण कोण आहोत हे दिसायची गरज नाही.