अक्षरओळख आणि मताधिकार : जॉन्स आयलंडची नागरिकत्व शाळा

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळु आणि तेकुल या दोन भिक्षूंचा प्रसंग आला आहे. दोघे सख्खे भाऊ, ब्राह्मण कुळात जन्मलेले, उच्चारात निष्णात. निरनिराळ्या गोत्रांतून, जातींतून व कुळांतून प्रव्रजित झालेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, म्हणून ते छंदस्‌मध्ये बांधून टाकावे, अशी विनंती त्यांनी तथागतांना केली. तथागतांनी ती नाकारली, तसे करणे हा दुक्कट दोष ठरविला आणि ‘सकाय निरुत्ति’मध्ये बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांच्या मते येथे बुद्धांची स्वतःची, म्हणजे मागधी भाषा अभिप्रेत आहे. अनेक आधुनिक अभ्यासक तो शब्द शिकणाऱ्या भिक्षूंकडे लावतात. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा अर्थ प्रसंगास अधिक धरून वाटतो. शिकणारा जेथे उभा आहे तेथून शिकविण्यास आरंभ करावयाचा, की त्याला आधी शिकविणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येण्यास सांगावयाचे, असा तो प्रश्न आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीत हाच प्रश्न मताधिकाराच्या संदर्भात उभा राहिला. त्याचे जे उत्तर एका लहानशा बेटावर सापडले, त्याचा परिचय आपल्या वाचकांस फारसा नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. सेप्टिमा क्लार्क हे नाव पोहोचले नाही.

दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहरालगत जॉन्स आयलंड हे बेट आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी व मजूर हे भातशेती आणि कापसाच्या मळ्यांवर राबविल्या गेलेल्या गुलामांचे वंशज. त्यांची बोली गला. इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतील भाषा यांच्या मिश्रणातून ती घडली. सुशिक्षित लोक तिला दीर्घकाळ ‘मोडके इंग्रजी’ म्हणून हिणवीत असत. लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्यातील आफ्रिकी शब्दांचा पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा कोठे विद्वानांचे मत पालटू लागले. प्राकृतांना ‘अपभ्रष्ट’ म्हणणारे पंडित आपल्या परिचयाचेच आहेत.

सेप्टिमा पॉइनसेट यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्सटन येथे झाला. वडील गुलामगिरीत जन्मलेले. १९१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या जॉन्स आयलंडवर शिक्षिका म्हणून गेल्या, कारण चार्ल्सटन शहराच्या सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय मुलांना शिकविण्यासाठीही कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जात नसत. ही बंदी उठविण्याच्या मोहिमेत त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि १९२० साली ती उठली. नोकरी करीतच त्यांनी पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९३० च्या उन्हाळ्यात त्या काही काळ कोलंबिया विद्यापीठात शिकल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जेथे शिकले, तेच हे विद्यापीठ.

१९५६ साली दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने सरकारी व नगरपालिकीय सेवकांना कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे एनएएसीपीचे सभासद राहण्यास मनाई केली. क्लार्कबाईंनी सभासदत्व सोडले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. मायल्स हॉर्टन यांनी टेनेसी राज्यात १९३२ साली स्थापन केलेल्या हायलँडर फोक स्कूल या संस्थेने त्यांना बोलावून घेतले. गोरे व काळे एकत्र राहून, एकत्र जेवून विचार करीत, अशी दक्षिणेतील ही विरळ जागा. १९५५ च्या उन्हाळ्यात क्लार्क यांच्या शिबिरात माँटगोमेरीच्या रोझा पार्क्स आल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांनीच त्यांनी बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला.

आता शाळेकडे वळू. दक्षिण कॅरोलिनाच्या १८९५ च्या संविधानाने मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी अट घातली होती : अधिकारी दाखवील ते संविधानाचे कलम वाचून व लिहून दाखवावे, किंवा ३०० डॉलर मूल्याच्या मालमत्तेवरील कर भरलेला असावा. ज्यांच्या मुलांना वर्षातून मोजकेच महिने शाळा मिळे आणि ज्यांच्या हाती जमीन राहू दिली जात नसे, त्यांच्यासाठीच ही अट रचली होती, हे सांगावयास नको. जॉन्स आयलंडचे ईसॉ जेंकिन्स हे बेटावरून चार्ल्सटनला कामावर जाणाऱ्यांसाठी बस चालवीत. प्रवासात ते उताऱ्यांना संविधानाचे कलम समजावून सांगत आणि पाठ करून घेत. ॲलिस वाइन नावाच्या बाईंना वाचता येत नव्हते. ऐकून ऐकून त्यांनी कलम मुखोद्गत केले आणि त्या बळावर नाव नोंदविले. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे भाणकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्रिपिटकही श्रीलंकेत लेखनिविष्ट होईपर्यंत काही शतके असेच कानांनी शिकले गेले. परंतु वाइनबाईंचे समाधान झाले नाही. त्यांना खरोखर वाचावयाचे होते. त्यांची ही मागणी जेंकिन्स यांनी हायलँडरपर्यंत नेली.

बेटावर प्रौढांचे साक्षरता वर्ग यापूर्वी झाले नव्हते असे नाही. झाले होते आणि ओस पडले होते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसावयाचे आणि मुलांच्याच पुस्तकांतील वाक्ये वाचावयाची, यात आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाची शोभाच होई. यासाठी क्लार्क व हॉर्टन यांनी ठरविले की शिक्षक प्रशिक्षित नको. ज्या बाईने स्वतः चाळीस वर्षे शिक्षकी केली, तिनेच हा निर्णय घ्यावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची. त्या क्लार्क यांच्या नात्यातील, शिवणकाम जाणणाऱ्या, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या. आपण शिक्षिका नाही, अशी हरकत त्यांनी घेतली. ती मानली गेली नाही. या निवडीमागे एक व्यवहारी कारणही होते. त्यांचे ग्राहक कृष्णवर्णीय होते, त्यामुळे कोणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. क्लार्क यांचे जे झाले ते रॉबिन्सन यांचे होणार नव्हते.

जेंकिन्स यांच्या प्रोग्रेसिव्ह क्लबने हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढच्या बाजूस सहकारी किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांच्या नजरेस पडू नये यासाठी ही योजना. ७ जानेवारी १९५७ रोजी पहिला वर्ग भरला, तेव्हा १४ जण आले होते. रॉबिन्सन यांनी प्राथमिक शाळेची पुस्तके सोबत आणली होती. ती पाहून समोरच्यांचे चेहरे उतरले, हे त्यांच्या लगेच ध्यानी आले. त्यांनी पुस्तके बाजूस ठेवली आणि तुम्हांला काय शिकावयाचे आहे, असे विचारले. उत्तरे साधी होती. आपले नाव लिहावयाचे, बायबल वाचावयाचे, टपालाने माल मागविण्याचा व मनीऑर्डरचा फॉर्म भरावयाचा, आणि मतदार नोंदणीसाठी कलम वाचावयाचे. अभ्यासक्रम त्यातूनच ठरला. पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यावयाचे आणि विद्यार्थ्याने त्यावरून पुनःपुन्हा पेन्सिल फिरवावयाची. नांगराच्या मुठीची सवय असलेल्या हातांना पेन्सिल किती दाबावी हेही शिकावे लागे. भिंतीवर संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. शेतीची कामे मंद असतात त्या दोन महिन्यांत हा वर्ग चालला आणि अखेरीस संख्या ३७ झाली.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील विहारात मी सायंकाळचा पालि वर्ग घेतला होता. विद्यापीठात शिकलो त्याच क्रमाने शब्दरूपावलीपासून आरंभ केला. येणाऱ्या बहुतेक स्त्रिया घरकाम करून परतताना येत. त्यांना रोज म्हटल्या जाणाऱ्या वंदनेचा अर्थ हवा होता. तिसऱ्या आठवड्यात सतरंजी निम्मी रिकामी झाली. मी त्यांच्या चिकाटीस दोष दिला. रॉबिन्सन यांची हकीकत पुढे वाचनात आली, तेव्हा पुस्तके बाजूस ठेवण्याची बुद्धी मला का झाली नाही, असे मनात आले.

या शाळांविषयी एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. अन्याय्य परीक्षेची तयारी करून घेणे म्हणजे त्या परीक्षेस मान्यता देणे नव्हे काय? बाबासाहेबांनी याच प्रश्नावर वेगळी भूमिका घेतली होती. आपल्या येथेही १९१९ व १९३५ च्या कायद्यांखाली मताधिकार मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. सायमन कमिशनच्या वेळी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात निरक्षर म्हणजे अज्ञानी हे समीकरण त्यांनी खोडून काढले. ज्यांना विद्येपासून दूर ठेवले त्यांनाच विद्या नाही म्हणून मत नाकारण्यातील अन्याय दाखविला. मताधिकार वापरूनच माणूस तो वापरण्यास शिकतो, असा त्यांचा विचार होता. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने अट नाहीशी झाली. १९५१-५२ च्या निवडणुकीत जेमतेम अठरा टक्के साक्षरता असलेल्या देशाने मतपेट्यांवरील चिन्हे पाहून मतदान केले. त्यांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्तीही होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते; त्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाविषयी १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र पाठवून विचारणा केली होती. याच डु बॉइस यांच्याकडे क्लार्क १९३७ साली अटलांटा येथे शिकल्या होत्या.

तेव्हा क्लार्क यांची वाट चुकीची होती काय? मला तसे वाटत नाही. परीक्षा साक्षरतेची नव्हती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अलाबामातील टस्कीगी येथे महाविद्यालयीन प्राध्यापकही नोंदणी अधिकाऱ्यापुढे ‘अपात्र’ ठरत. मिसिसिपीत संविधानाचे कलम वाचून भागत नसे. अधिकाऱ्याचे समाधान होईल असा त्याचा अर्थ लिहावा लागे. ऑगस्ट १९६२ मध्ये मळ्यावर काम करणाऱ्या फॅनी लू हेमर यांच्यापुढे अधिकाऱ्याने कायद्यातील एक पारिभाषिक कलम टाकले. त्या नापास झाल्या, आणि नाव नोंदवावयास गेल्याबद्दल मळ्यावरून हाकलल्या गेल्या. जून १९६३ मध्ये चार्ल्सटन येथील प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावी त्यांना अटक झाली व कोठडीत अमानुष मारहाण झाली. परीक्षा उत्तीर्ण होणे एवढाच हेतू असता तर ही शाळा केव्हाच निरर्थक ठरली असती. तेथे कलमाबरोबरच कर कोठे जातो, शाळा-मंडळ कोण नेमते, वृद्धापकाळाचे वेतन कसे मागावे, हेही शिकविले जाई. १९६६ साली जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःची पतसंस्था काढली, ती याच शिक्षणाची पुढची पायरी होती. कायद्याने मत दिले तरी ते वापरण्याची सवय कायदा देत नाही. आपल्याला मत आधी मिळाले, वर्ग मागे राहिले. त्यांना वर्ग आधी भरवावे लागले.

हायलँडरवर ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांचा छापा पडला, क्लार्क यांना अटक झाली, आणि १९६१ साली संस्थेची सनदच रद्द झाली. तत्पूर्वी हे काम किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे सोपविण्यात आले होते. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क, डोरोथी कॉटन व अँड्र्यू यंग गावोगावच्या शेतकऱ्यांना, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना, धर्मोपदेशकांना आठवडाभर शिकवून परत पाठवीत. क्लार्क यांच्या हिशेबाप्रमाणे १९५७ ते १९७० या काळात अशा ८९७ शाळा चालल्या. ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतील बहुतेक राज्यांत साक्षरतेची परीक्षा स्थगित झाली आणि १९७५ साली ती देशभर कायमची बंद झाली.

चळवळीच्या आतही क्लार्क यांना सारे अनुकूल नव्हते. संघटनेच्या कार्यकारिणीवर ही बाई कशासाठी, असे राल्फ ॲबरनथी विचारीत, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सर्व मोर्चांचे नेतृत्व स्वतः न करता गावोगावी नेते तयार करावेत, असे त्यांनी किंग यांना पत्राने कळविले. ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि उपस्थित हसले. किंग यांच्याविषयीचा त्यांचा आदर यामुळे कमी झाला नाही. १९६४ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी त्या त्यांच्यासमवेत ओस्लोला गेल्या होत्या. परंतु स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले जात नाही, हा आरोप त्यांनी अखेरपर्यंत मागे घेतला नाही.

१९७६ साली राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना अन्यायाने कामावरून काढल्याचे मान्य केले व निवृत्तिवेतन सुरू झाले. त्याच सुमारास, वयाच्या सत्तरीनंतर, चार्ल्सटन जिल्ह्याच्या शाळा-मंडळावर त्या निवडून आल्या. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, ते जॉन्स आयलंडवरच.