विदर्भाच्या भूमीतील शाश्वत सुखाचा शोध

मनुष्याची सारी धडपड सुखासाठी चाललेली असते. शेतकरी चिखलात उभा राहून धानाची रोवणी करतो, व्यापारी दुकान मांडतो, नोकरदार परगावी जातो, ते सुखासाठीच. यात गैर काही नाही. पोटात अन्न नसेल तर परमार्थ सुचत नाही, हे आपले संत पुरते जाणून होते. परंतु घर पक्के झाले, पेटीत चार दागिने आले, तरी मनाची तळमळ थांबत नाही, हाही सर्वांचाच अनुभव आहे. मग टिकणारे सुख कोठे आहे? या प्रश्नाचा शोध विदर्भात आठशे वर्षांपासून चालू आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी त्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

नागरा हे गोंदिया शहराच्या अगदी जवळचे गाव. येथील प्राचीन शिवमंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. रेल्वे आल्यापासून गोंदियाची बाजारपेठ वाढली, धानाच्या गिरण्या निघाल्या, विडीचा धंदा भरभराटला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हाही झाला. बाजार असा वाढत गेला, तरी मंदिराची वाट ओस पडली नाही. बाजारात न मिळणारे काहीतरी माणसाला हवे असते, याचीच ही खूण होय.

मराठीतील आद्य ग्रंथांत गणला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मधील मानला जातो. तो मराठवाड्यातील अंबेजोगाईस रचला गेला की वैनगंगेच्या काठी आंभोऱ्यास, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आंभोरा आपल्या भंडाऱ्यापासून जवळच आहे. ग्रंथाचा विषय मात्र निर्विवाद आहे. आनंद हे आत्म्याचे स्वरूपच असून तो बाहेरून आणावा लागत नाही, हा वेदान्ताचा विचार मुकुंदराजांनी लोकांच्या बोलीत आणला.

त्यानंतरच्या शतकात हाच विचार एका जीवनात प्रत्यक्ष दिसला. महानुभाव परंपरा सांगते की, श्रीचक्रधरस्वामी पूर्वाश्रमी गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव होते. संपत्ती, अधिकार, संसार, सर्व काही होते. परंतु जुगाराचा नाद जडला. एकदा हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले आणि तिने ते दिले नाहीत. ज्या वैभवावर आपली नाती उभी आहेत असे वाटत होते, त्याचा पोकळपणा त्या क्षणी कळून आला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि वाटेत ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीने त्यांचे जीवन पालटले. पुढे राजपुत्राप्रमाणे वाढलेला हा पुरुष भिक्षान्नावर राहिला आणि स्त्री-शूद्रांना ज्ञानाचा अधिकार देत गावोगाव हिंडला. भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार त्यांच्या मागे निघाले, हे या परिसराचे भाग्य. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या आठवणी जतन केल्या आहेत.

घरदार सोडणे म्हणजेच अध्यात्म, असे मात्र कोणी समजू नये. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले, ते जगाकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. हाती खराटा आणि मडक्याचे खापर, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनातून मने झाडावीत. कर्ज काढून सण व लग्ने करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे पशू मारू नका, मुलांना शिकवा, हे त्यांचे सांगणे. लाखो रुपयांच्या धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या. त्यांत स्वतःसाठी काही राखले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यामागे अपार लोकप्रेम होते. नावावर इस्टेट नव्हती.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा खेड्यापाड्यांत नेली. एकट्याच्या घरातील सुख भिंतीआड राहते. सर्वांनी मिळून केलेल्या प्रार्थनेचे समाधान वाटल्याने वाढते.

या सर्वांचे मार्ग निराळे. मुकुंदराजांचा ज्ञानाचा, चक्रधरस्वामींचा वैराग्याचा, गाडगेबाबा व तुकडोजींचा सेवेचा. तरी ‘माझे’ हा शब्द ज्याने सैल केला त्यास सुख लाभले, ही गोष्ट सर्वांत समान आहे. वस्तू वापराव्यात, वस्तूंनी आपल्याला वापरू नये.

मंदिराचे दगड, चुना आणि रंग हीही भौतिक वस्तूच होय. ऊन-पावसात तेही झिजतील आणि पुढच्या पिढीला पुन्हा जीर्णोद्धार करावा लागेल. परंतु या सभामंडपात दोन भाऊबंदांचा तंटा मिटला, एखाद्याचे व्यसन सुटले, भुकेल्याला पंगतीत मानाने जागा मिळाली, तर ते पुण्य झिजणारे नाही. देवळाबरोबर मनाचाही जीर्णोद्धार घडो, हीच श्रीशंकराच्या चरणी प्रार्थना.